घसाऱ्याचा हिशेब आणि सायकलचे फ्रीव्हील

व्यापारी कुटुंबात ‘घसारा’ हा शब्द लहानपणीच कानावर पडतो. वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना दुकानातील फर्निचर, वजनकाटा, संगणक, टेम्पो यांच्या किमतीतून ठरावीक टक्के वजा होतात आणि त्या वजाबाकीला घसारा म्हणतात. परंतु हा शब्द घासण्याशी नाते सांगतो; लोखंड लोखंडावर घासले जाते, झिजते, तो मूळचा घसारा. वहीतील घसारा केवळ आकडा असतो. पाच हजार रुपयांना घेतलेल्या सायकलवर दरवर्षी १५ टक्के दराने घटत्या शिलकेवर घसारा आकारला, तर पाच वर्षांनंतरही तिची पुस्तकी किंमत २,२१८ रुपये उरते आणि ती कधीच शून्यावर येत नाही. प्रत्यक्षात मात्र त्याच सायकलच्या मागच्या चाकावरील एक दातेरी चकती त्याआधीच कामातून गेलेली असू शकते. ती चकती म्हणजे फ्रीव्हील. घसारा डोळ्यांनी पाहावयाचा असेल आणि बोटांनी चाचपावयाचा असेल, तर या भागासारखा दुसरा नमुना घरात सापडणे कठीण.

सायकल आता आपल्या घरातून हद्दपार झाली आहे, असे वाटणाऱ्यांनी सकाळी दहाच्या सुमारास घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली स्थानकाबाहेर पाच मिनिटे थांबून पाहावे. पांढऱ्या टोपीतील डबेवाले सायकली लावून डबे उतरवीत असतात, खुणांप्रमाणे त्यांची वाटणी करीत असतात. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी चालविला आणि वाढविला. उपनगरातील घरातून निघालेला कांदा-लसूण नसलेला डबा दुपारी मशीद बंदरच्या किंवा काळबादेवीच्या पेढीवर वेळेत पोचतो, याची सवय कित्येक कुटुंबांना दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले; व्यवस्थापनाच्या वर्गांतून तिच्यावर व्याख्याने झाली. खुणांची पद्धत, लोकलचे वेळापत्रक, माणसांची शिस्त या सगळ्यांची वाखाणणी झाली आणि ती योग्यच आहे. परंतु इमारतीपासून स्थानकापर्यंत तीस-चाळीस डब्यांचे ओझे ज्या दातांच्या आधाराने ओढले जाते, त्यांचा उल्लेख त्या व्याख्यानांत क्वचितच येत असेल.

डबेवाले एकटे नाहीत. पहाटेचा पाववाला, वर्तमानपत्राचा मुलगा, गॅसची टाकी अडकवून चढ चढणारा माणूस, डोक्यावरच्या पातेल्याऐवजी सायकलच्या कॅरिअरवर इडल्यांचा डबा ठेवणारा विक्रेता, सायकल स्टँडवर उभी करून पायडलाच्या गतीवर दगड फिरविणारा धारवाला, ही सगळी मंडळी उपनगरात अजून सायकलवरच पोट भरतात. आणि किराणा, औषधे, स्टेशनरी यांच्या अनेक दुकानांत मालपोच करण्यासाठी एक काळी, उंच, मजबूत सायकल असतेच. ती दुकानाच्या नावावर असते, चालविणारा मात्र नोकरीतला माणूस असतो. या लेखाचे खरे कारण तीच सायकल आहे. तिचे फ्रीव्हील झिजले म्हणजे खर्च मालकाच्या वहीत पडतो. पण लालबहादूर शास्त्री मार्गावर बसच्या पुढे पायडल अचानक मोकळे सुटून ज्याचा तोल जातो, तो मालक नसतो.

फ्रीव्हील म्हणजे काय, हे समजण्यासाठी ते नसतानाची सायकल आठवावी. सुरुवातीच्या सायकलींची पायडले चाकाशी कायमची बांधलेली असत. चाक फिरते तोवर पाय फिरवावेच लागत. उतारावर स्वार पाय उचलून पुढच्या बाजूच्या आधारावर ठेवीत आणि पायडले खाली स्वतःच गरगरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील सर्रास वापरात आले आणि पाय स्थिर ठेवून चाक फिरू देण्याची सोय झाली. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भाड्याची सायकल घेऊन कान्हेरी लेण्यांपर्यंत दमछाक करीत गेलेली मुले परतीच्या उतारावर पाय न हलविता जे सुख अनुभवतात, ते याच यंत्राचे देणे आहे.

यंत्र तळहाताएवढे, रचना सोपी. बाहेर दातेरी कडे असते, त्यावर चेन बसते. आत एक गाभा असतो. तो मागच्या चाकाच्या हबवर आट्यांनी घट्ट बसविलेला असतो. कडे आणि गाभा यांच्यामध्ये वरच्या व खालच्या बाजूला छर्ऱ्यांची एकेक रांग असते. गाभ्याच्या खाचांमध्ये दोन छोट्या पोलादी खिट्ट्या असतात आणि केसासारख्या बारीक तारेची स्प्रिंग त्यांना सतत बाहेर ढकलीत असते. कारागीर त्यांना ‘कुत्ते’ म्हणतात. पकडले की सोडत नाहीत म्हणून असावे. कड्याच्या आतल्या भिंतीवर तिरके दाते कापलेले असतात. पायडल मारले की कडे पुढे सरकते, तिरक्या दात्याची उभी बाजू खिट्टीला टेकते आणि कड्याबरोबर गाभा, हब आणि चाक सगळे एकजीव होऊन फिरते. पाय थांबले की चाक पुढे धावते, खिट्ट्या दात्यांच्या उतरत्या बाजूवरून घसरत जातात आणि ओळखीचा टिक्‌-टिक्‌ आवाज येतो.

यातून एक बारकावा निघतो. पायडल मारताना कडे आणि गाभा एकत्रच फिरतात, त्यामुळे छर्ऱ्यांना तेव्हा काहीच काम नसते. ते फिरतात फक्त पाय थांबलेले असताना. म्हणजे एकाच वस्तूत दोन खाती आहेत. कष्टाच्या वेळी बाहेरचे दात झिजतात, विश्रांतीच्या वेळी आतले छर्रे. पहिले खाते ओझ्यावर आणि चढांवर अवलंबून. दुसरे धूळ, पाणी आणि गंज यांच्यावर. दुरुस्ती करावयास बसण्यापूर्वी तूट कोणत्या खात्यात आहे, हे पाहिले नाही तर सगळा हिशेबच चुकतो.

दात किती झिजत असतील? पुढच्या मोठ्या चकतीला ४४ आणि फ्रीव्हीलला १८ दात आहेत असे धरू. पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.४४ फेरे घेते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर, म्हणजे एका पायडल-फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या जवळपास जाते. एक किलोमीटर अंतरात मागचे चाक सुमारे ४४८ वेळा फिरते आणि फ्रीव्हीलचा प्रत्येक दात तितक्या वेळा चेनचा ताण घेतो. रोज दहा किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एका दातावर वर्षाला तेरा लाखांहून अधिक वेळा चेन बसते आणि सुटते. त्याच अंतरात पुढच्या चकतीच्या दातावर हा भार साडेपाच लाखांच्या आसपास येतो. दोन्ही भाग एकाच दिवशी बसविले, तरी मागचा आधी का जातो, याचे उत्तर या भागाकारात आहे.

आता लक्षणे. दुकानात माणूस येऊन सांगतो, “शेठ, फ्रीव्हील गेलं.” या एका वाक्यात तीन निरनिराळे आजार दडलेले असतात आणि त्यांचे उपाय, खर्च आणि धोका वेगवेगळा असतो.

पहिला आजार : पायडल दोन्ही बाजूंना मोकळे फिरते, चाक पुढे जात नाही, किंवा बहुतेक वेळा पकडते आणि मध्येच एकदम सुटते. आवाज फारसा नसतो. टिक्‌-टिक्‌ही मंदावलेली किंवा अनियमित असते. येथे खिट्ट्या खाचांत चिकटलेल्या असतात, स्प्रिंग तुटलेली असते, किंवा खिट्टीचे टोक झिजून गोल झालेले असते. हा सर्वांत धोक्याचा प्रकार. चढावर सीटवरून उठून सगळे वजन एका पायडलावर टाकले असता ते सुटले, तर पाय आपटतो, छाती हँडलवर येते आणि सायकल बाजूला कलंडते. बाजूला काय असेल, हे उपनगरातील रस्त्यांवर सांगण्याची गरज नाही.

दुसरा आजार नेमका उलटा : पाय थांबविले तरी पायडले चाकाबरोबर फिरत राहतात आणि वरची चेन सैल होऊन लोंबते. आत गंज किंवा वाळलेले ग्रीस साचून कडे गाभ्याला धरून बसलेले असते. मुंबईच्या पावसाळ्यानंतर, आणि त्याहीपेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोटारी धुणाऱ्यांच्या नळीखाली वर्षभर उभ्या असलेल्या सायकलींत, हा आजार हमखास आढळतो. पावसाला दोष देणे सोपे असते. पाइपच्या पाण्याचा जोर मात्र पावसापेक्षा जास्त असतो आणि तो थेट त्या फटीत शिरतो.

तिसरा आजार : जोर लावला की ‘खट्‌’ असा झटका बसतो आणि चेन एक दात ओलांडून पुढे जाते. येथे आतील यंत्र निर्दोष असू शकते. दात झिजलेले असतात. नव्या फ्रीव्हीलचा दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. जुन्याचा एका बाजूला कलतो, टोकदार होतो, माशाच्या पंखासारखा दिसतो. याला घरी किंवा बाहेर कोठेही दुरुस्ती नाही. कानस घेऊन दातांना आकार देण्याचा उद्योग काही हौशी लोक करतात. त्याने दात आणखी बारीक होतात, एवढेच.

तिसऱ्या आजाराचे मूळ बहुतेक वेळा चेनमध्ये असते. चेनच्या दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणून २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. कापडाच्या दुकानातील पोलादी पट्टी घ्यावी, चेन ताणून धरावी आणि एका खिळ्याच्या मध्यापासून चोविसाव्या कडीनंतरच्या खिळ्याच्या मध्यापर्यंत मोजावे. माप एक षोडशांश इंचाने वाढले असेल, तर चेन बदलावी. फ्रीव्हील बहुधा वाचते. वाढ एक अष्टमांश इंच झाली असेल, तर जुन्या चेनने दातही खाल्लेले असतात. अशा फ्रीव्हीलवर नवी चेन बसविली, तर ती जुन्या चेनपेक्षा अधिक झटके देते आणि ग्राहक दुकानदाराशी भांडतो की माल खराब निघाला. माल चांगलाच असतो. झिजलेली चेन आणि झिजलेले दात यांची तोंडमिळवणी झालेली होती, नव्या चेनने ती उघडी पाडली. वेळेवर चेन बदलणे हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत किफायतशीर खर्च आहे, आणि नेमका तोच ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून टळतो.

आता प्रश्न असा की साध्या सायकलचे नवे फ्रीव्हील चौघांच्या उडपी हॉटेलातील नाश्त्यापेक्षाही स्वस्त मिळते. मग ते उघडून दुरुस्त करण्याचा खटाटोप कशासाठी? हिशेब मांडला तर कारागिराची बाजू बरोबर ठरते. जुने उघडून, धुऊन, छर्रे भरून परत बसविण्यात त्याचा तास जातो; नवे बसविण्यात दहा मिनिटे. म्हणून तो उघडतच नाही. दात झिजले असतील तर त्याचे म्हणणे मान्य करून नवे घ्यावे. परंतु पहिल्या दोन आजारांत दात अनेकदा शाबूत असतात. चिकटलेल्या दोन खिट्ट्यांसाठी पोलादाची एक चांगली वस्तू भंगारात जाते. शिवाय कारागीर मिळण्याचीच अडचण वाढली आहे. पुलाखालची, गल्लीच्या तोंडावरची सायकल-दुरुस्तीची टपरी कमी होत चालली आहे. जिथे ती होती तिथे आता मोटारसायकलचे पंक्चर काढले जाते. सायकल बनविण्याचा उद्योगही आपल्या शहराला नवा नाही. वरळीत हिंद सायकलचा कारखाना होता. कारखाना गेला, त्याचे नाव तेथील रस्त्याला उरले आहे. दूर उत्तरेत अ‍ॅटलसने साहिबाबादचा आपला कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला, तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेला जागतिक सायकल दिन होता. सुटे भाग लुधियानाहून अजून येतात आणि साध्या सायकलचे मिळण्यात अडचण नाही. ते बसविणारे हात मात्र विरळ होत आहेत. रविवारची एक सकाळ आणि घरातील एखादे जिज्ञासू मूल सोबतीला असेल, तर हे काम घरी होण्याजोगे आहे.

आधी सर्वांत सोपा उपाय करून पाहावा, कारण निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागते. सायकल जमिनीवर आडवी ठेवावी, फ्रीव्हीलची बाजू वर. कडे आणि गाभा यांच्यामधील बारीक गोल फटीत पातळ रॉकेलचे थेंब सोडावेत आणि पायडल उलटे फिरवीत राहावे. रॉकेल आता बहुतेक घरांत नसते. थोडे डिझेलही चालते. पेट्रोल वापरू नये, आणि देवघर किंवा स्वयंपाकघर यांच्या जवळ हे काम करू नये. खालून काळे पाणी गळू लागेल. ते स्वच्छ होईपर्यंत पुन्हा पुन्हा सोडावे, रात्रभर निथळू द्यावे आणि सकाळी शिलाई मशिनचे तेल चार-सहा थेंब घालावे. टिक्‌-टिक्‌ खणखणीत झाली आणि पायडल प्रत्येक वेळी पकडू लागले, तर येथेच थांबावे.

एवढ्याने भागले नाही, तर उघडावे लागते. मागच्या चाकाचे दोन्ही बाजूंचे नट सैल करून, चेन उतरवून चाक बाहेर काढावे. ते एका मोठ्या परातीत आडवे ठेवावे. ही परात विसरू नये. छर्रे एक अष्टमांश इंचाचे असतात आणि फरशीवर पडले की कपाटाखाली जाऊनच थांबतात. फ्रीव्हीलच्या दर्शनी चकतीवर समोरासमोर दोन छोटी छिद्रे दिसतील. त्यांपैकी एका छिद्रात बोथट टोकाचा पंच तिरका लावून हातोडीने हलके ठोके द्यावयाचे आहेत.

कोणत्या दिशेने, येथे बहुतेक जण चुकतात. या चकतीचे आटे उलटे असतात. रोजच्या सवयीने घड्याळाच्या उलट दिशेने ठोकत गेल्यास ती सुटण्याऐवजी अधिकाधिक घट्ट होते आणि शेवटी छिद्राची कड फाटते. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. गंजलेली असेल तर फटीत तेल सोडून अर्धा तास थांबावे. दोन्ही छिद्रांवर आळीपाळीने ठोकावे. फ्रीव्हील हबवरून काढण्याची या कामाला गरज नाही; उलट चाकाचा आधार असल्यामुळे गाभा हलत नाही आणि ठोके नीट बसतात.

चकती सुटली की तिच्याखाली कागदासारख्या पातळ एक-दोन किंवा अधिक वायसर असतील. त्या किती होत्या, हे मोजून बाजूला ठेवाव्यात. त्यांचे महत्त्व शेवटी कळते. त्यानंतर छर्ऱ्यांची वरची रांग. त्याही मोजाव्यात, मुलाकडून मोजून घेतल्यास उत्तम. आता कडे हळूच वर उचलावे. खालची रांग गाभ्याला किंवा कड्याला चिकटून येईल आणि खिट्ट्या स्प्रिंगच्या जोराने उडतील, म्हणून एक हात वर झाकलेला असावा. उघडलेले फ्रीव्हील पहिल्यांदा पाहणाऱ्याला बहुधा निराशाच वाटते. आत यंत्र असे काहीच नसते, काळा चिखल असतो. तो पुसून, भाग रॉकेलमध्ये धुऊन, जुन्या सुती कापडाने कोरडे करावेत, मग परीक्षा.

खिट्टीचे टोक धारदार, चौकोनी असले पाहिजे. गोल झाले असेल, तर ती पकडणारच नाही. कड्याच्या आतील तिरक्या दात्यांवरून नख फिरवून त्यांच्या उभ्या बाजू शाबूत आहेत का, ते पाहावे. स्प्रिंग तुटलेली असणे हे सर्वांत सामान्य कारण, आणि तिच्यासाठी वेगळा भाग दुकानात मिळेलच असे नाही. मोडीत काढलेल्या दुसऱ्या फ्रीव्हीलमधील स्प्रिंग आणि खिट्टी कामी येते. जुने कारागीर खराब फ्रीव्हील फेकत नसत, डब्यात जमवीत, त्याचे कारण हेच. छर्ऱ्यांची चमक गेली असेल किंवा त्यांवर खड्डे पडले असतील, तर ते सगळेच बदलावेत. चार नवे आणि बाकी जुने असे मिश्रण केल्यास सगळा भार त्या चारांवर येतो. छर्रे फिरतात त्या वाटेवरच खोल चर किंवा खड्डे असतील, अथवा कड्याला तडा दिसत असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडावा.

जोडताना एक चूक हमखास होते : प्रेमाने सगळीकडे जाड ग्रीस भरले जाते. छर्ऱ्यांच्या वाटेवर ग्रीस हवे, ते छर्ऱ्यांना जागेवर धरूनही ठेवते. खिट्ट्यांवर मात्र जाड ग्रीस चालत नाही. त्यांची स्प्रिंग अशक्त असते. ग्रीसमध्ये रुतलेली खिट्टी वेळेवर बाहेर येत नाही, आणि ज्या आजारावर उपचार चालला होता तोच नव्याने जडतो. तिथे फक्त पातळ तेल. खिट्ट्या खाचांत बसवून त्यांच्याभोवती शिवणाच्या दोऱ्याचा एक वेढा घ्यावा आणि त्या आत दाबून धराव्यात. कडे खाली उतरले की दोरा ओढून काढावा. ही युक्ती न वापरता तिसऱ्या हाताची वाट पाहणाऱ्यांचे अर्धा तास छर्रे गोळा करण्यात जातो.

वरची रांग भरावी, वायसर ठेवाव्यात आणि चकती घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट करावी. आता कडे धरून हलवून पाहावे. ते डुलत असेल, तर चकती पुन्हा काढून एक वायसर कमी करावी. अडकत फिरत असेल, तर एक वाढवावी. अगदी थोडी डुल राहिलेली चालते. अडकणे चालत नाही. मोजून ठेवलेल्या वायसरांचा उपयोग येथे होतो.

नवेच फ्रीव्हील घालावयाचे ठरले, तर जुने हबवरून काढावे लागते आणि त्यासाठी खाचांत बसणारा रिमूव्हर हवा. प्रत्येक पायडल त्याला आणखी घट्ट करीत आलेले असल्यामुळे ते हाताने सुटण्याची आशा ठेवू नये; वाइस असलेल्या दुकानात हे मिनिटाचे काम आहे. एवढे मात्र करावे की आतले यंत्र उघडण्यापूर्वीच ते काढून घ्यावे. उघडलेल्या फ्रीव्हीलचा गाभा हबवर एकटा राहिला, तर तो काढणे कारागिरालाही जड जाते. नवे बसविताना आट्यांना ग्रीस लावून सुरुवातीचे फेरे हाताने द्यावेत. तिरके बसले आणि जोर लावला, तर हबचे आटे जातात आणि मग शंभर-दोनशेचे काम संपूर्ण चाकावर जाते. मुलांच्या अनेक गिअरच्या सायकलींत मागे सहा-सात चकत्यांचा जुडगा असतो. तो घरी उघडण्याच्या फंदात पडू नये, तेल-सफाईपुरतेच थांबावे.

मुलुंड ते धारावी अशा तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरच्या सायकल-मार्गाची ‘हरित वारी जलतीरी’ ही महापालिकेची योजना उपनगरवासीयांनी ऐकलेली आहे. मार्गांची चर्चा होत राहील. पायडल सुटणारी सायकल कोणत्याही मार्गावर धोक्याचीच.

चाक परत बसविल्यावर चेनमध्ये वर-खाली सुमारे अर्धा इंच हालचाल राहू द्यावी, चाक दोन्ही बाजूंनी मधोमध आहे हे पाहून नट आवळावेत आणि ब्रेक तपासावा. त्यानंतर सायकल लगेच रस्त्यावर नेऊ नये. इमारतीच्या आवारात पुढचा ब्रेक दाबून, सायकलशेजारी उभे राहून, पायडलावर हाताने दहा-बारा वेळा जोर टाकावा. प्रत्येक वेळी पकडले पाहिजे. मग रिकाम्या सायकलवर आवारात दोन फेऱ्या, त्याही बसूनच. दुकानाची सायकल असेल, तर या फेऱ्या मालकाने स्वतः माराव्यात, आणि त्या निर्विघ्न झाल्यावरच कॅरिअरवर मालाची पहिली पेटी बांधावी. आठवड्याने चकती सैल झाली आहे का, ते एकदा पंचाने पाहावे. उलट्या आट्यांची दिशा मात्र लक्षात ठेवून.